लॉगिन त्यांचं, पत्रं आपली

वॉटरप्रूफिंगची छोटी कामं घेणाऱ्यांनी हे जरूर वाचा. माझे ६ लाख ४६ हजार अडकले, आणि त्यात निम्मी चूक माझी होती.

वाकडच्या एका टॉवरमधली ११२ टॉयलेट माझ्याकडे होती. पहिल्याच मीटिंगला बिल्डरचे प्रोजेक्ट मॅनेजर म्हणाले, "शेठ, व्हॉट्सअ‍ॅप नको, मेल नको. सगळा पत्रव्यवहार आमच्या सॉफ्टवेअरमध्ये. लॉगिन आम्हीच देतो." मला उलट बरंच वाटलं. पत्राला आपोआप नंबर, कोणी कधी उघडलं त्याची नोंद. आमच्या आवक-जावक वहीत चहाचे डाग सोडले तर धड काही नसायचं.

पुढे प्लंबरच्या पोरांनी पाइप बदलायला ३८ टॉयलेटमधला कोबा, म्हणजे फरशीखालचा आमचा वॉटरप्रूफिंगचा थर, फोडला. 'पुन्हा करून द्या, एक्स्ट्रा आयटम धरू,' असं मॅनेजरनी सॉफ्टवेअरमध्येच लिहिलं. टॉयलेटमागे १७ हजारांचा माझा रेटही तिथेच मंजूर झाला. विटांचे तुकडे, केमिकल, मजुरी सगळं खिशातून घातलं. पाणी भरून टेस्ट झाली, खालच्या स्लॅबला ओल नाही.

फायनल बिल दिलं आणि चौथ्या दिवशी लॉगिन बंद. मॅनेजरांची बदली झालेली. नवे साहेब गोड आवाजात म्हणाले, "लेखी सूचना दाखवा, लगेच पास करतो."

दाखवू काय? माझ्याकडे ४१ मेल होते. प्रत्येकात पत्राचा नंबर आणि खाली एकच ओळ: 'आपल्या पत्राला उत्तर आले आहे, पाहण्यासाठी येथे क्लिक करा.' क्लिक केलं की पासवर्ड मागतो. मजकुराचा एक शब्द माझ्याकडे नाही. वर्षभर मी दुसऱ्याच्या कपाटात माझी कागदपत्रं ठेवत होतो, किल्लीही त्याचीच.

थोडं वाचवलं ते आमच्या सुपरवायझरनं. डक्टकडच्या टॉयलेटमध्ये रेंज येत नाही, म्हणून मिस्त्रीला दाखवायला तो काही सूचनांचे स्क्रीनशॉट काढून ठेवायचा. त्यांतल्या निम्म्यांवर तारीख कापली गेलेली. वकिलांनी बघितलं आणि भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मधलं कलम ६३ काढलं: इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. मूळ नोंद बिल्डरच्या खात्यात, मग आपल्याला प्रमाणपत्र देता येणार ते फक्त सुपरवायझरच्या फोनमधल्या चित्रांचं.

सॉफ्टवेअरला मी दोष देत नाही. आता वर्क ऑर्डरवर सही करण्याआधी मी एक ओळ घालून घेतो: काम संपल्यावरही दोष-दायित्वाची मुदत (कामातले दोष आपल्या खर्चानं दुरुस्त करून देण्याचा काळ) संपेपर्यंत लॉगिन चालू राहील आणि सगळा पत्रव्यवहार उतरवून घेता येईल. तरी भरवसा नको, म्हणून दर शनिवारी जेवणाच्या सुट्टीत सुपरवायझर आठवड्याची पत्रं पीडीएफमध्ये उतरवतो आणि आमच्याच मेलवरून त्यांना पाठवतो: 'या सूचनांप्रमाणे काम चालू आहे.' परवा एका साइटवर या मेलवरून कुरकुर झाली. तिथला अ‍ॅडव्हान्स मी परत केला.

वाकडचे ११ टॉयलेटचे पैसे मिळाले, तेही रिटेन्शन, म्हणजे हमीपोटी रोखून ठेवायची रक्कम, कापून.