१ टीबीची एसएसडी, आत जेमतेम १२० जीबी

लॅपटॉपला एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) टाकायच्या विचारात असाल तर आधी हे वाचा. माझे पैसे परत मिळाले, आजीचे फोटो नाही मिळाले.

आमचा लॅपटॉप २०१५चा. हळू फिरणारी ५४०० आरपीएमची हार्डडिस्क; बटण दाबून चहा टाकावा, तो उकळेपर्यंत डेस्कटॉप यायचा. पट्टीसारखी छोटी एसएसडी बसते तो एम.२ स्लॉट नव्हता, म्हणजे जुन्या हार्डडिस्कच्याच जागी आणि त्याच जोडणीला बसणारी अडीच इंची साटा एसएसडी घ्यायची होती. नावाजलेल्या कंपन्यांची १ टीबी पाच हजारांच्या पुढे होती. एका शॉपिंग साइटवरच्या विक्रेत्याकडे कधी न ऐकलेल्या नावाची १,८९९ रुपयांना दिसली. ‘मस्त स्पीड’ म्हणणारे अभिप्राय शेकड्यांनी. घेतली.

विंडोज टाकलं, वीस सेकंदांत सुरू! डिस्क ९३१ जीबी दाखवत होती. १ टीबी विंडोजमध्ये तेवढीच दिसते, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं. तीनेकशे जीबी डेटा कॉपी केला, एकही एरर नाही. जुनी हार्डडिस्क फॉरमॅट करून भाच्याला देऊन टाकली.

पंधरा दिवसांनी आईने आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो मागितले. फोल्डर जागेवर, फाइलींची नावं बरोबर, साइजही बरोबर. पण फोटो उघडेनात. एक उघडला. वर औक्षणाचं तबक आणि आजीच्या नऊवारीचा काठ, त्याखाली नुसता राखाडी पट्टा. वस्तू परत करायची मुदत सात दिवसांची होती.

ओळखीच्या रिपेअरवाल्याने एचटूटेस्टडब्ल्यू चालवलं. हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर डिस्क फाइलींनी भरतं आणि लिहिलेलं परत वाचून पडताळतं. ११८ जीबी ठीक, पुढचं सगळं गेलेलं. फसवणूक अशी चालते: जागेचा आकडा डिस्कचं फर्मवेअर (डिस्कच्या आतलंच सॉफ्टवेअर) सांगतं आणि विंडोज त्यावर विश्वास ठेवतं. खरी जागा संपली की पुढचा डेटा कुठेच उतरत नाही, किंवा आधीच्यावरच गिरवला जातो. विंडोज सुरुवातीच्या भागात असल्यामुळे लॅपटॉप मात्र छान चालत राहतो. चांगले अभिप्राय लिहिणाऱ्यांपैकी कितीजणांनी डिस्क भरून पाहिली असेल? खोलल्यावर आत छोटा बोर्ड दिसला म्हणून नकली, असंही समजू नका. अस्सल साटा एसएसडीतही बोर्ड बऱ्याचदा छोटाच असतो.

विक्रेत्याने फोन उचलला नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार केली, टेस्टच्या निकालाचा स्क्रीनशॉट आणि बिल जोडलं, तेव्हा कुठे त्या साइटने पैसे दिले. भाच्याकडच्या डिस्कवर तोवर गेम भरले होते. रिकव्हरीत हाती काही लागलं नाही.

म्हणून कळकळीने सांगतो, एसएसडी आली की त्याच दिवशी साटा-यूएसबी केबलने दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा आणि रिकामी असतानाच पूर्ण भरून तपासा. लिनक्सवर हेच काम एफथ्री करतं. काही तास जातील, जाऊ द्या. डिस्कची माहिती दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये ‘पॉवर ऑन अवर्स’ही, म्हणजे डिस्क एकूण किती तास चालली तेही बघा, नव्या डिस्कवर शेकडो तास दिसले तर ती वापरलेली आहे. हा आकडा पुसताही येतो, म्हणून तेवढ्यावर थांबू नका. जुनी हार्डडिस्क दोन-तीन महिने हात न लावता कपाटात ठेवा, भाच्याने कितीही हट्ट केला तरी.