नागरिकशास्त्राच्या तासाला मोफत ऑनलाइन साधनं: वर्षभर वापरल्यावर काय टिकलं

गेल्या जूनपासून सहावी ते दहावीच्या नागरिकशास्त्र-राज्यशास्त्राच्या तासांना मी मोफत मिळणारी ऑनलाइन साधनं नेमाने वापरते आहे. शाळा तालुक्याच्या गावातली, अनुदानित, मराठी माध्यमाची. वर्गात एक मोठा टीव्ही आहे, नेट बहुतेक वेळा माझ्याच मोबाईलच्या हॉटस्पॉटवर. या विषयाला तास कमी, गुण कमी, त्यामुळे तो इतिहासाच्या मागे ढकलला जातो आणि फेब्रुवारीत प्रश्नोत्तरं उतरवून घेऊन संपवला जातो. मला ते मनापासून खटकतं. पंधरा वर्षांचं मूल अजून तीन वर्षांनी मतदान करणार असतं, आणि ग्रामपंचायतीचा पैसा कुठून येतो हे त्याला माहीत नसतं.

वर्षभराच्या वापरानंतर माझं मत पक्कं झालं आहे. मुलांसाठी म्हणून बनवलेल्या चित्रफिती आणि प्रश्नमंजूषा यांपेक्षा कारभाराची मूळ कागदपत्रं वर्गात कितीतरी जास्त चालतात. अट एवढीच की त्यातलं एकच पान शिक्षकाने आधी घरी नीट वाचून, मराठीत आणून न्यावं.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो ई-ग्रामस्वराजचा. केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाचं हे पोर्टल २४ एप्रिल २०२० ला, पंचायत राज दिनी सुरू झालं. ग्रामपंचायतींचे वार्षिक विकास आराखडे बघायला लॉगिन लागत नाही. राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत असं एकेक निवडत खाली उतरायचं, की त्या वर्षाचा मंजूर आराखडा समोर येतो. कामाचं नाव, अंदाजे खर्च, पैसा कुठल्या योजनेतून. सहावीच्या पुस्तकातला ग्रामीण स्थानिक शासनसंस्थांचा पाठ या उतरत्या यादीतच निम्मा शिकवून होतो, कारण जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत हा क्रम मुलं स्वतः क्लिक करत जातात.

आमच्याकडे मुलं आसपासच्या चार-पाच गावांतून येतात. टीव्हीवर एका गावाची यादी लावली तेव्हा आधी शांतता होती, कारण मजकूर इंग्रजीत. मग मी एकेक ओळ मराठीत वाचू लागले. अंगणवाडीसाठी पाण्याची टाकी ही ओळ आली आणि मागच्या बाकावरची मुलगी उभी राहिली, "मॅडम, ही आमच्या अंगणवाडीची. माझा भाऊ जातो तिथे." पुढचा अर्धा तास मला फार बोलावंच लागलं नाही. टाकी कोणी ठरवली, ग्रामसभेत विषय आला होता का, आराखड्यात आलं म्हणजे पैसे खर्च झाले का, हे सगळे प्रश्न त्यांचेच. शेवटच्या प्रश्नावर मी मुद्दाम थांबले. आराखडा म्हणजे काय करायचं ठरलं, खर्चाचा हिशेब ही वेगळी गोष्ट, आणि दोन्ही बघितल्याशिवाय कुणाबद्दल मत बनवायचं नाही, हे फळ्यावर लिहिलं.

तिथूनच बंधित आणि अबंधित निधीवर गेलो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ या काळासाठी दिलेल्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधून दिलेला आहे, उरलेला ४० टक्के गावाने आपल्या गरजेप्रमाणे वापरायचा, मात्र पगार आणि आस्थापनेवर नाही. हे पुस्तकात नाही. पण हे कळल्यावर सगळ्या गावांच्या याद्यांत गटार आणि नळपाणी इतक्या वेळा का दिसतं, ते मुलांना आपोआप उमगलं. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला एक मुलगा आईबरोबर जाऊन बसला आणि कोणते विषय निघाले ते वहीत टिपून घेऊन आला. प्रकल्पाला याहून चांगला विषय मी शोधून काढला नसता.

एक काळजी मात्र घ्यावीच लागते. गावात राजकारण घराघरांत असतं. वर्गात एखाद्याचे वडील सदस्य असतात, दुसऱ्याचे काका त्यांच्याविरुद्ध पडलेले असतात. त्यामुळे माझा नियम असा: नाव घ्यायचं नाही, फक्त काम आणि आकडा बोलायचा. मुख्याध्यापकांना आधी सांगून ठेवायचं आणि पालकसभेतही हे काय चाललं आहे ते स्पष्ट करायचं. एवढं केलं की कुणाची तक्रार येत नाही, उलट काही पालक घरी स्वतः उघडून बघतात.

दुसरी गोष्ट संविधानसभेच्या चर्चा. त्या संसदेच्या संकेतस्थळावर आहेत, पण शिकवायला सोयीचं रूप आहे ते बेंगळुरूच्या सेंटर फॉर लॉ अँड पॉलिसी रिसर्च या संस्थेने चालवलेल्या संकेतस्थळावर. तारखेप्रमाणे, सभासदाप्रमाणे, कलमाप्रमाणे शोधता येतं. सातवीला उद्देशिका शिकवताना मी १७ ऑक्टोबर १९४९ चं कामकाज घेतलं. मध्य प्रांत व वऱ्हाडमधून आलेले हरी विष्णू कामत यांनी उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी अशी दुरुस्ती मांडली होती. हृदयनाथ कुंझरू यांनी श्रद्धेच्या स्वातंत्र्याचा दाखला देऊन विरोध केला. पूर्णिमा बॅनर्जी यांनी कामतांना विनवलं की ईश्वरावर मत द्यायची वेळ आमच्यावर आणू नका. कामत मागे हटले नाहीत, मतदान झालं आणि ४१ विरुद्ध ६८ मतांनी दुरुस्ती फेटाळली गेली.

मी निकाल आधी सांगितला नाही. दोन्ही बाजूंचा सार मराठीत एका पानावर लिहिला, झेरॉक्स वाटल्या आणि वर्गाला मत द्यायला सांगितलं. देवभोळ्या घरातल्या काही मुलांनी कामतांच्या विरुद्ध हात वर केला आणि कारण दिलं की देव मतदानाला लावायचाच नसतो. मग खरा निकाल सांगितला. 'आम्ही भारताचे लोक' ही ओळ रोज परिपाठात म्हणणाऱ्या मुलांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की त्या ओळीच्या आधी काय असावं यावर माणसं भांडली होती, आणि भांडून मतदानाने ठरवलं होतं. पाठ केलेल्या परिपाठाला अर्थ आणायला याच्यासारखं दुसरं साधन मला वर्षभरात मिळालं नाही.

संसदेच्या संकेतस्थळावरचा प्रश्नोत्तरांचा विभाग आठवीला वापरला. लोकसभेत एका दिवशी २० तारांकित प्रश्न यादीत असतात, त्यांची उत्तरं मंत्री सभागृहात तोंडी देतात आणि पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकित २३० पर्यंत, त्यांना लेखी उत्तर. मुलांना हा फरक नुसता सांगून लक्षात राहत नाही. एक तारांकित प्रश्न आणि त्याचं उत्तर छापून दिलं, संसद टीव्हीच्या प्रश्नोत्तराच्या तासातली दहा मिनिटं दाखवली, मग त्यांनाच शालेय पोषण आहार आणि एसटीच्या फेऱ्या यांवर प्रश्न लिहायला लावले. 'का करत नाही' अशा सुरात सुरू झालेले प्रश्न 'किती, कधीपर्यंत, कोणाच्या जबाबदारीत' इथपर्यंत आले, ही माझ्या दृष्टीने मोठी मिळकत. राज्याच्या विधिमंडळाच्या संकेतस्थळावर तारांकित प्रश्नोत्तरांच्या याद्या मराठीत असतात, तेव्हा भाषांतराचा वेळ नसेल तर तिथूनच सुरुवात करावी. युवा संसद भरवायची असेल तर संसदीय कार्य मंत्रालयाच्या राष्ट्रीय युवा संसद योजनेच्या पोर्टलवर सगळा क्रम, शपथविधीपासून विधेयकापर्यंत, तयार मिळतो.

दहावीच्या 'निवडणूक प्रक्रिया' आणि 'राजकीय पक्ष' या पाठांसाठी दोन संकेतस्थळं: संसदेच्या कामकाजाची नोंद ठेवणारं पीआरएस आणि उमेदवारांच्या शपथपत्रांतली मालमत्ता, गुन्हे यांची माहिती देणारं मायनेता. पीआरएसवर खासदारांची उपस्थिती, विचारलेले प्रश्न, चर्चेतला सहभाग दिसतो. मंत्री हजेरीपटावर सही करत नाहीत, म्हणून त्यांच्यापुढे उपस्थितीचा आकडा नसतो. हे आधी सांगितलं नाही तर मुलं त्यांना गैरहजर समजतात. मायनेता चालवणाऱ्या असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेच्याच याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये उमेदवारांची माहिती मतदारांना मिळाली पाहिजे असा निकाल दिला. आज प्रत्येक उमेदवाराचं शपथपत्र उघडून वाचता येतं ते त्यामुळे. मी आमचा मतदारसंघ घेत नाही. दूरच्या जिल्ह्यातला, जुन्या निवडणुकीतला घेते. गुन्हा दाखल होणं आणि दोषी ठरणं यांतला फरक शिकवल्याशिवाय हे पान उघडूच नये.

'नोकरशाही' हा पाठ मुलांना सगळ्यात रुक्ष वाटतो. तिथे राज्य शासनाच्या सेवांचं 'आपले सरकार' पोर्टल कामाला आलं. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली येणाऱ्या प्रत्येक सेवेपुढे मुदत, पदनिर्देशित अधिकारी (म्हणजे ती सेवा देण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे तो) आणि अपिलाचे अधिकारी दिलेले असतात. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला यांसाठी घरचे हेलपाटे मुलांनी पाहिलेले असतात. दाखला ही मेहेरबानी नसून मुदतीत मिळण्याचा हक्क आहे, हे त्या तक्त्यात त्यांनी स्वतः वाचलं.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये आहेत आणि पाठांच्या क्यूआर कोडवरून दीक्षा या सरकारी शैक्षणिक पोर्टलवर जाता येतं. उजळणीला ठीक, पण चर्चा त्यातून पेटत नाही. स्वतःच्या तयारीसाठी मराठी विश्वकोशाच्या ऑनलाइन नोंदी उत्तम, संज्ञा नेमक्या मराठीत सापडतात. संविधानाची मराठी पीडीएफ घेताना ती कितव्या दुरुस्तीपर्यंतची आहे ते पाहून घ्या. प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी हाताने लिहिलेल्या आणि नंदलाल बोस व त्यांच्या सहकाऱ्यांनी सजवलेल्या मूळ प्रतीची छायाचित्रंही मोफत मिळतात. निवडणुकांच्या भागाच्या पानावर शिवाजी महाराज आणि गुरू गोविंदसिंग आहेत. ते पान दाखवल्यावर मुलं पुढची पानं मागतात.

उणिवा मोठ्या आहेत आणि त्या सांगायलाच हव्यात. पहिली भाषा. चांगला ऐवज बहुतांश इंग्रजीत किंवा हिंदीत. यंत्राने केलेलं भाषांतर कायद्याच्या मजकुराला मी वर्गात थेट लावत नाही, कारण अर्थ बारीक ठिकाणी घसरतो. म्हणजे शिक्षकाला बसून लिहावंच लागतं, आणि निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं यांतून तो वेळ काढणं सोपं नाही. दुसरी, सरकारी पोर्टलं भर तासाला उघडतीलच याची खात्री नसते, पत्तेही बदलतात. म्हणून आदल्या रात्री पान उतरवून पेनड्राइव्हवर घ्यायचं आणि एक छापील प्रत जवळ ठेवायची. तिसरी, शिक्षकासाठी मार्गदर्शन जवळजवळ नाही. पाठाला कुठलं पान जोडायचं, किती वेळ द्यायचा, कुठे थांबायचं, हे सगळं आपणच ठरवायचं.

नव्याने सुरू करणाऱ्याने सगळं एकदम घेऊ नये. पहिल्या सत्रात आपल्या गावाचा आराखडा, दुसऱ्या सत्रात संविधानसभेतली एक चर्चा, एवढं पुरे. तयार केलेली पानं मी तालुक्यातल्या विषयशिक्षकांना देते, त्यांनी केलेली घेते. येत्या वर्षी सातवीच्या मूलभूत हक्कांसाठी २९ नोव्हेंबर १९४८ चं कामकाज घ्यायचं ठरवलं आहे. अस्पृश्यता नष्ट करणारं कलम त्या दिवशी मंजूर झालं आणि सभेतल्या एकमेव दलित महिला सदस्य दाक्षायणी वेलायुधन त्यावर बोलल्या. त्या भाषणाचं मराठी मी उन्हाळ्याच्या सुट्टीत करते आहे. कुणाकडे आधीच झालेलं असेल तर कळवा, ताडून पाहू.