जाहीर नोटीस आणि जुने वार्ताहर: चिपळूणच्या एका वृत्तपत्र कार्यालयाचा अनुभव

गुहागर तालुक्यातील आमच्या सामाईक आगराचा (नारळी-पोफळीच्या बागेचा) हिस्सा विकण्यापूर्वी वकिलांनी जाहीर नोटीस देण्यास सांगितले, म्हणून मी एका प्रादेशिक दैनिकाच्या चिपळूण येथील कार्यालयात गेलो. पैसे भरायचे आणि पावती घ्यायची, एवढेच काम असेल अशी माझी समजूत होती. तेथील व्यवस्थापकांनी मात्र मसुदा हातात घेताच सातबारा मागितला आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून ओळीखाली बोट फिरवीत वाचायला सुरुवात केली. हिस्सा नंबर ४ ऐवजी १४ टंकला गेला होता. नोटीस तशीच छापली असती, तर कुणाचा हक्क असल्यास हरकत घेण्यासाठी नोटिशीत दिलेले चौदा दिवस वाया गेले असतेच, शिवाय ज्याचा या व्यवहाराशी काडीचाही संबंध नाही अशा शेजारच्या खातेदाराशी वैर आले असते, आणि आमच्याकडे बांधावरचे वैर नातवंडांपर्यंत चालते.

चूक सापडल्यावर त्यांनी वकिलांना फोन लावला आणि त्यांच्या संमतीने मसुद्यातील पुनरुक्ती काढून टाकली. जाहिरातीचा आकार चौरस सेंटीमीटरवर मोजला जात असल्याने माझे बिल जवळजवळ एक तृतीयांशाने उतरले. जाहिरातीची जागा विकण्यावर ज्याचे उद्दिष्ट ठरते, त्यानेच ती कमी करून द्यावी, हे मला विशेष वाटले आणि मी तसे बोलूनही दाखवले.

तेव्हा समजले की हे गृहस्थ ऐंशीच्या दशकात तालुका वार्ताहर होते. हाताने लिहिलेली बातमी पाकिटात घालून संध्याकाळच्या एसटीच्या चालकाकडे द्यायची, आणि गाडी चुकली की बातमी शिळी, असा तो काळ. मानधन तुटपुंजे असे, आणि गणपती-दिवाळीच्या पुरवण्यांसाठी जाहिराती गोळा करण्याचे कामही वार्ताहराच्याच गळ्यात पडे. तीच कोकणातल्या बहुतेक वार्ताहरांची व्यवस्थापनातली पहिली पायरी. पुढे ते उपसंपादक झाले आणि नंतर कार्यालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीच्या पुराचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, त्यात अंकांच्या जुन्या बांधीव फायली भिजून लगदा झाल्या. त्यांत त्यांच्या बातम्यांची पंचवीस वर्षे होती. हे सांगताना ते बराच वेळ थांबले. मलाही पुढे काही विचारवले नाही.

त्यांच्या टेबलामागे बाळशास्त्री जांभेकरांची तसबीर आहे. देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याच्या या पुरुषाने ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ हे मराठीतले पहिले वृत्तपत्र सुरू केले आणि १८४० मध्ये ते बंद पडले. “लिहिणारा माणूस असूनही पत्र बंद पडते, हे मला या खुर्चीत बसल्यावर कळले,” असे ते म्हणाले. मी नोटिशीबरोबर आमच्या वाडीच्या वाचनालयाच्या देणगीदारांची यादी ‘बातमी म्हणून’ छापण्याची विनंती केली होती. ती त्यांनी स्पष्ट नाकारली. देणगीदारांची यादी पैसे घेऊन छापायची असेल, तर वर ‘जाहिरात’ हा शब्द येईल, आणि वाचनालयात खरोखर काही घडले असेल, तर वार्ताहर येऊन फुकट लिहील, असे त्यांनी सांगितले. त्या क्षणी मला राग आला होता. आज ते उत्तर बरोबर वाटते.

वितरणाबाबत मात्र मी समाधानी नाही. नोटीस छापून आली त्या दिवशी आमच्या गावात अंक पोहोचलाच नाही; अंक घाटमाथ्यावर छापला जातो, गाडीला घाटात उशीर झाला आणि गठ्ठा पहिल्या एसटीला मिळाला नाही. व्हाउचर प्रतीसाठी (नोटीस छापल्याचा पुरावा म्हणून मिळणाऱ्या अंकासाठी) मला चिपळूणला पुन्हा खेप घालावी लागली. ज्या गावातली जमीन आहे, त्या गावातच नोटीस वाचली गेली नाही, तर तिचा उपयोग निम्मा होतो. ही तक्रार मी लेखी दिली आहे.

नोटीस द्यायला जाणाऱ्यांनी वकिलांचा मसुदा, अलीकडचा सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या नावावरील जमिनींचा उतारा) सोबत न्यावा, आणि दुपारी चारच्या आत पोहोचावे. त्यानंतर मजकूर दुसऱ्या दिवसाच्या अंकात जात नाही.