भूक वाढवण्याच्या औषधापायी २३,७४८ रुपये गेले

माझा मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि पंधरा दिवसांत त्याचं खाणं एकदम तुटलं. डबा जसाच्या तसा परत यायचा. रात्री दोन घास, की ‘पोट भरलं’. ज्यांच्या घरी हे झालंय त्यांना कळेल, जीव कसा टांगणीला लागतो. मी अडाणी नाही, लोभीही नाही. रात्री साडेअकराला ‘मूल जेवत नाही?’ अशी जाहिरात दिसली आणि मी फोन लावला, एवढाच माझा गुन्हा.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. गोड बोलणारी ‘आहारतज्ज्ञ’, वाक्यावाक्याला ‘ताई’. तपासणीचे ४९९. जिभेचा आणि नखांचा फोटो पाठवला, तासाभरात ‘अहवाल’ आला. मग ९० दिवसांचा कोर्स, ७,८५०. भूक लागेल, उंचीही वाढेल, हमी.

त्या अहवालात उंची ११८ सेंटीमीटर लिहिली होती. मी उंची सांगितलीच नव्हती! वजन विचारलं, ते सांगितलं. उंची कुणी विचारलीच नाही. ती ओळ मी वाचली, थबकले, आणि फोटोवरून काढली असेल म्हणून पुढे गेले. जिभेच्या फोटोवरून. आजही तो कागद आठवला की तळपायाची आग मस्तकात जाते. चाळीस मिनिटं फोन चालला, पण पोट साफ होतं का, दात दुखतो का, गिळताना अडकतं का, शाळेत काही घडलं का, यातलं एक अक्षर त्या बाईनं विचारलं नाही.

चौथ्या दिवशी तो खरंच जेवला. म्हणूनच १२,४००चा ‘ॲडव्हान्स किट’ घेतला. लेकरू जेवताना दिसल्यावर कोणती आई नको म्हणेल? मग वर्गात झोपतो म्हणून बाईंचा वहीत शेरा आला, पोटात कळा सुरू झाल्या. पैसे परत मागितले तर ‘रिफंड’साठी आधी २,९९९ भरा म्हणाले. तेही भरले. त्यानंतर फोन बंद.

(परताव्यासाठी जो आधी पैसे मागतो तो चोरच. तिथेच थांबा.)

बालरोगतज्ज्ञांनी पोट दाबून पाहिलं, आत मळाचे खडे. त्यांनी मला बाहेर बसवून मुलाशी बोलणं काढलं. शाळेच्या संडासाची कडी तुटलीय, मोठी मुलं दार ढकलतात. ‘डबा खाल्ला की शी लागते’, म्हणून तो खातच नव्हता. बद्धकोष्ठानं भूक मरते हे मला तेव्हा कळलं. बाटलीवर घटकच छापलेले नव्हते. अशा औषधांत झोप आणणारं ॲलर्जीचं औषध किंवा स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं, असं डॉक्टर म्हणाले. स्टेरॉइड बरेच दिवस पोटात गेलं असेल तर एकदम तोडणंही धोक्याचं, तेव्हा बाटली घेऊन आधी डॉक्टरांकडे जा. लेबलवरचा एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, परवाना क्रमांक मोजा, तो १४ आकडी असतो. माझ्या बाटलीवर १३ आकडे होते.

तक्रारीचं विचारू नका. पोलीस ठाण्यात पहिलाच प्रश्न, ‘पैसे तुम्हीच पाठवले ना?’ तिथून सायबरकडे. सायबरवाले म्हणाले, हे औषधाचं प्रकरण आहे. औषधांच्या कार्यालयात म्हणाले, लेबलवर ‘पूरक आहार’ लिहिलंय, शेजारच्या टेबलावर जा. शेजारच्या टेबलाला फोडलेली बाटली चालेना. सीलबंद नेली तर बिल मागितलं. या लोकांनी बिल दिलं असतं तर मी तिथे कशाला उभी राहिले असते? चार अर्ध्या रजा गेल्या. उंची वाढवण्याच्या औषधांच्या जाहिरातीला १९५४च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्यानं बंदी आहे, हे त्या टेबलावर मी सांगितलं. साहेबांनी मान वर केली नाही.

पैसे गेल्या गेल्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३०ला, फोन लावा, मी नऊ दिवसांनी लावला. ग्राहक हेल्पलाइन १९१५. चॅट पुसू नका, एक बाटली सीलबंद ठेवा. मूल अचानक खायचं थांबलं, वजन उतरलं, उलट्या होतात किंवा गिळायला त्रास होतो, तर फोनवरच्या कुणाकडेही नाही, डॉक्टरांकडे जा. आणि मुलाला शाळेच्या संडासाबद्दल विचारा.

आमच्या शाळेत कडी बसली, तिसऱ्या अर्जानंतर. सीलबंद बाटली कपाटात आहे. ती कोणतं टेबल घेणार, हे अजून मला कुणी सांगितलेलं नाही.