चेक लाइट विझली, बिघाड तसाच: सीएनजी गाडीवाल्यांनी सावध राहावं म्हणून

सीएनजी किट बसवलेल्या गाडीची चेक लाइट लागते, स्कॅनर पी ०१७१ दाखवतो. या कोडचा अर्थ मिश्रण 'लीन' झालंय, म्हणजे हवा जास्त, इंधन कमी. एवढ्या एका कोडवर आपल्या जळगाव-धुळ्याकडे गिऱ्हाइकाला कसं कापलं जातं, ते एका गाडीच्या बिलांवरून सांगतो. गॅरेजचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ही पद्धत एकाच गॅरेजची नाही.

गाडी यावल तालुक्यातल्या एका केळीवाल्या आबांची. छोटी पेट्रोल गाडी, सिक्वेन्शियल किट (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस इंजेक्टर) बाहेरून बसवलेलं. कन्नड घाटात गॅसवर दम टाकायची, झटके मारायची. पेट्रोलवर घेतली की सुरळीत चढायची. आबांनी पहिल्याच दिवशी हे गॅरेजमध्ये सांगितलं होतं. निम्मं निदान त्या दोन वाक्यांतच होतं, पण ते कोणी ऐकलं नाही.

पहिल्या खेपेला ऑक्सिजन सेन्सर बदलला, ४,८०० रुपये. लाइट दोन दिवस बंद राहिली आणि परत आली. दुसऱ्या खेपेला 'एअरफ्लो सेन्सर' (आत येणारी हवा मोजणारा) ३,६०० आणि इंजेक्टर क्लिनिंग १,५००. तिसऱ्या खेपेला 'ट्यूनिंग' २,५००. "आबा, आता लाइट आली तर माझं नाव बदला!" लाइट खरंच आली नाही. एकूण १२,४०० रुपये गेले आणि घाटातली रड तशीच राहिली.

आता एकेक खेप बघू. ऑक्सिजन सेन्सर सायलेन्सरच्या पाइपात बसून जळालेल्या वायूत किती प्राणवायू उरला ते सांगतो. त्याने 'लीन' सांगितलं म्हणजे तो बिघडला असं नव्हे. त्याच्या स्वतःच्या बिघाडाचे कोड वेगळे असतात, पी ०१३० पासून पुढचे. मग लाइट दोन दिवस का गेली? कोड पुसला म्हणून. हा दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसल्यावरच कॉम्प्युटर लाइट लावतो. कोड पुसायला एक मिनिट लागतं, नवा सेन्सर त्याला लागतच नाही.

दुसरी खेप तर सरळ चोरी. त्या गाडीत एअरफ्लो सेन्सर नव्हताच. बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत हवेचा हिशेब मॅनिफोल्डवरच्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांवरच्या, दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरवरून होतो. स्वतः बघायचं असेल तर बॉनेट उघडा. एअर फिल्टरच्या डब्यातून निघालेल्या नळीवर चार-पाच तारांचं कनेक्टर असेल तर तो एअरफ्लो सेन्सर. नुसती नळी असेल, किंवा दोनच तारांचा तापमानाचा सेन्सर असेल, तर जो पार्ट गाडीत नाही त्याचे पैसे तुम्ही भरताय.

तिसरी खेप सगळ्यात घातक. डॅशबोर्डखाली काळ्या टेपात गुंडाळलेली काडेपेटीएवढी डबी निघाली. ऑक्सिजन सेन्सरची सिग्नलची तार कापून ती मध्ये जोडली होती. तिला एम्युलेटर म्हणतात. ती कॉम्प्युटरला खोटा सिग्नल देत राहते की मिश्रण बरोबर आहे. विचारलं तर उत्तर तयार असतं: "गॅस किटला हे लागतंच भाऊ." हवेच्या ओढीने गॅस खेचणाऱ्या जुन्या व्हेंच्युरी किटमध्ये अशी डबी खरंच बसवायचे, म्हणून गिऱ्हाइकाला ते पटतं. सिक्वेन्शियल किटमध्ये गॅसचा ईसीयू (किटचा कॉम्प्युटर) पेट्रोल इंजेक्टर किती वेळ उघडायचा त्या वेळेवरूनच गॅस सोडतो, आणि ती वेळ दुरुस्त होते खऱ्या सेन्सरमुळे. तिथे ही डबी म्हणजे इंजिनाच्या डोळ्यांवर पट्टी. पेट्रोल इंजेक्टर बंद ठेवणारा एम्युलेटर किटचाच भाग असतो, तो वेगळा. त्याला हात लावू नका.

ही डबी ओळखता येते. साध्या स्कॅनरवर पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्टेज लावा. साधा सेन्सर गरम झाल्यावर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये वरखाली होतो. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये तीन हजार आरपीएमवर नेऊन पाय पूर्ण सोडा. कॉम्प्युटर इंधन तोडतो, आणि खरा सेन्सर जवळजवळ शून्यावर येतो. एम्युलेटर त्या वेळीही घड्याळासारखा टिकटिक करत राहतो. गाडी सकाळी थंड असताना चालू केल्या केल्या वरखाली सुरू झाली तरी संशय घ्या, कारण खऱ्या सेन्सरला तापायला थोडा वेळ लागतो. काही नव्या गाड्यांत पुढे वाइडबँड सेन्सर असतो, त्याचे आकडे निराळे असतात.

खरं निदान असं व्हायला हवं होतं. स्कॅनरवर फ्यूल ट्रिम बघायचा, म्हणजे कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा किती टक्के इंधन वाढवतोय किंवा घटवतोय तो आकडा; शॉर्ट टर्म (त्या क्षणाचा) आणि लाँग टर्म (शिकून साठवलेला) दोन्ही. बेरीज अधिक-उणे १० टक्क्यांत असेल तर ठीक. अधिक २०-२५ कडे गेली तर गाडी इंधन मागतेय, पण मिळत नाही. आधी पेट्रोलवर, मग गॅसवर, आणि दोन्हीकडे आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) व चालत्या गाडीत ३००० आरपीएमच्या स्थिर लोडवर असे चार आकडे लिहून घ्यायचे. पाय पूर्ण दाबून घेतलेला ट्रिम धरू नका, तेव्हा कॉम्प्युटर सेन्सरचं ऐकतच नाही. हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे जुन्या गाडीत ट्रिम चार-पाच टक्के वर दिसतो. त्याला घाबरून पार्ट बदलू नका.

दोन्ही इंधनांवर लीन असेल तर इनटेकची गळती, सेन्सरच्या आधी फुटलेला सायलेन्सर किंवा मिसफायर शोधा. मिसफायरमध्ये न वापरलेला प्राणवायू बाहेर पडतो आणि खोटं 'लीन' दिसतं. गॅसला ठिणगी जोरकस लागते, म्हणून प्लगचा गॅप साधारण ०.७ मिमी ठेवतात. फक्त पेट्रोलवर लीन असेल तर पंप आणि इंजेक्टर तपासा. आपल्याकडे टाकी कायम रिझर्व्हला ठेवायची सवय आहे. पंप पेट्रोलनेच थंड राहतो, आणि मे महिन्यातल्या भुसावळच्या उन्हात कोरड्या टाकीत तो लवकर जातो. पाव टाकी पेट्रोल ठेवाच.

डबी काढून तार परत जोडल्यावर आबांच्या गाडीत पेट्रोलवर ट्रिम अधिक ४ होता. गॅसवर आयडलला ६, आणि लोडवर थेट २५. म्हणजे दोष गॅसच्या बाजूला, तोही फक्त जास्त गॅस लागतो तेव्हाच. किटच्या सॉफ्टवेअरमध्ये रेलचा (गॅस इंजेक्टरना गॅस पुरवणाऱ्या नळीचा) दाब आयडलला १.९ बार होता, चढावर १.१ पर्यंत पडत होता. लो-प्रेशर फिल्टर उघडला तर आत सीएनजी पंपाच्या कॉम्प्रेसरचं तेल साचून चिखल झालेला. नवा फिल्टर काही शेंचा. तो बदलल्यावर दाब टिकला आणि लोडवरचा ट्रिम ७ वर आला. हे काम घरी करू नका, सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत दाब असतो. अधिकृत फिटर आधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून इंजिन गॅसवर चालवत लाइन रिकामी करतो, आणि शेवटी साबणाच्या पाण्याने गळती बघतो.

पण तोवर ती डबी बसलेली असताना गाडी दोन-अडीच महिने लीन पळाली होती. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल बसत गेले, व्हॉल्व्ह पूर्ण बंद व्हायला लागणारी मोकळीक (क्लिअरन्स) उरली नाही, एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन पडलं. हेडचं काम निघालं. लाइट लागलेली राहिली असती तर आबांनी गाडी कुणाला तरी दाखवली असती. मनाला लागतं ते हेच.

गाडी देताना चारही ट्रिम आकडे बिलावर लिहून मागा, काम झाल्यावर तेच आकडे पुन्हा मागा. बदललेला जुना पार्ट परत घ्या. पार्ट नंबर नसलेलं 'ट्यूनिंग' बिलावर आलं तर कुठली तार कापली ते विचारा. पक्कं बिल असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. तिथे न सुटल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. एम्युलेटर सापडला तर काढण्याआधी तारांसकट त्याचा फोटो घ्या आणि डबी बिलासोबत जपून ठेवा.