ट्रायथलॉन बाइकचे सेन्सर: चुंबकवाले की बिनचुंबकाचे?

ट्रायथलॉनची (पोहणं, सायकल, धावणं अशा शर्यतीची) सायकल, म्हणजे आपली बाइक आली, एरोबारच्या (पुढे वाकून हात टेकायच्या दांड्यांच्या) मधोमध कॉम्प्युटर बसला, आता स्पीड आणि कॅडेन्ससाठी (मिनिटाला पेडलच्या किती फेऱ्या, त्यासाठी) कोणते सेन्सर घ्यायचे यावर अडलेल्यांसाठी हे लिहितोय. पर्याय दोन. एक म्हणजे चेनस्टेला, म्हणजे पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या नळीला, बांधायचा जुना जोडसेन्सर. त्याला एक चुंबक स्पोकवर आणि एक क्रँकवर (पेडलच्या दांड्यावर) लागतं. दुसरा म्हणजे हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) एक आणि क्रँकवर एक असे दोन सुटे सेन्सर, ज्यांना चुंबकाची गरजच नाही. मी बरीच वर्षं पहिला वापरला, आता दुसरा वापरतो. तेव्हा पारडं कुठे झुकणार हे उघड आहे, तरी जुन्यावर अन्याय करायचा नाहीये.

काहीच न लावता नुसत्या जीपीएसवर भागवणारेही आहेत. शेवटी सरासरी बरी येते, नाही असं नाही. पण त्या क्षणाचा वेग नेहमी थोडा मागून चालत येतो, दाट झाडीखाली उड्या मारतो आणि पुण्याजवळच्या कात्रजच्या जुन्या बोगद्यात तर गायबच होतो. शिवाय कॅडेन्स मिळत नाही. ट्रेनरवर (घरात जागच्या जागी सायकल चालवायच्या स्टँडवर) तर जीपीएसचा काही उपयोगच नाही. हा पर्याय इथेच सोडतो.

चुंबकवाल्याची पहिली जमेची बाजू म्हणजे त्यात बिघडण्यासारखं फार काही नाही. चुंबक समोरून गेलं की एक फेरी मोजली. रस्ता कितीही खडबडीत असो, आकडा स्थिर. स्पीड आणि कॅडेन्स दोन्ही एकाच बॅटरीवर चालतात, आणि जुना सेन्सर ओळखीपाळखीत कमी पैशांत मिळून जातो. क्रँकच्या चुंबकासाठी एक सोपी युक्ती आहे: पेडलचा आस लोखंडी असेल तर क्रँकच्या आतल्या बाजूने त्याच्या टोकावर छोटं निओडिमियम चुंबक ठेवा, नुसतं चिकटून बसतं, पट्टी नको की टेप नको. आस टायटॅनियमचा असेल तर मात्र चिकटणार नाही.

अडचण फ्रेमपासून सुरू होते. हे सेन्सर गोल नळीच्या चेनस्टेसाठी केलेले. आपल्या बाइकचा चेनस्टे उंच आणि चपटा. त्यावर सेन्सरची बैठक नीट टेकत नाही, झिप टाय कितीही आवळला तरी खड्ड्यांत तो हळूहळू फिरतो. खाली रबराचा तुकडा घातला की बराच फरक पडतो, हे खरं.

पण माझा निर्णय झाला तो मागच्या चाकामुळे. साध्या रोड बाइकचं मागचं चाक सहसा पंक्चर झालं तरच निघतं. आपलं ते सतत निघत असतं. सरावाची चाकं वेगळी, रेसची डीप रिमची (उंच कडेची) वेगळी. बोपदेव घाटाच्या पायथ्यापर्यंत कारने जायचं तर चाकं काढून बाइक मागच्या सीटवर आडवी. पावसाळ्यात ट्रेनर. गोव्याच्या ७०.३ ला (९० किलोमीटर सायकल असलेल्या ट्रायथलॉनला) जायचं तर सगळं सुटं करून बॉक्समध्ये. आणि चाक परत बसवलं की चुंबक आणि सेन्सर यांच्यातली फट पुन्हा जुळवायची. ती साधारण ५ मिलिमीटरच्या आत लागते. दोन चाकांच्या स्पोकचा कोन सारखा नसतो, त्यामुळे सरावाच्या चाकाला बरोबर जुळवलेला सेन्सर रेसच्या चाकावर एक तर लांब राहतो, नाहीतर चुंबकाला लागून टिक् टिक् टिक् वाजत राहतो. त्यात रेसच्या चाकाचे स्पोक चपटे. गोल स्पोकसाठीचं चुंबक त्यावर स्क्रू आवळूनही घट्ट बसत नाही, हळूच कलतं.

हे सगळं कुठे करायचं, तर पहाटे साडेपाचला सोसायटीच्या पार्किंगमध्ये, एका ट्यूबलाइटखाली. बाइक उलटी करता येत नाही, कारण वर एरोबार, त्यात बाटली आणि कॉम्प्युटर. मग एका हाताने सीट उचलून चाक अधांतरी धरा, दुसऱ्या हाताने पेडल फिरवा, आणि सेन्सर सरकवायला तिसरा हात शोधा. सेन्सरवरचा दिवा लुकलुकला तर जमलं. आमचे वॉचमनकाका खुर्चीतून विचारणार, "काय साहेब, चेन पडली का?" खाली ग्रुप निघायच्या घाईत असताना हा प्रकार नकोसा होतो. वेग आणि अंतर दिसल्यावाचून काही अडत नाही, हे कळतं. पण कोऱ्या आकड्याकडे बघत ९० किलोमीटर काढणं मला जमत नाही.

बिनचुंबकाच्या सेन्सरमध्ये हा अध्यायच नाही. स्पीडचा सेन्सर हबला रबरी पट्ट्याने गुंडाळायचा, कॅडेन्सचा डाव्या क्रँकच्या आतल्या बाजूला. फेऱ्या त्याच्या त्याला कळतात. चाक काढा, घाला, बॉक्समध्ये टाका, सेन्सर चाकाबरोबरच जातो. मी दोन्ही चाकांच्या हबवर वेगवेगळे सेन्सर ठेवलेत. कॉम्प्युटर त्यांना वेगळं ओळखतो आणि ज्याचा त्याचा परीघ लक्षात ठेवतो. थोडा जास्त खर्च झाला, तो मला खटकला नाही.

खोड्या यालाही आहेत. ट्रायथलॉन बाइकवर क्रँक आणि चेनस्टे यांच्यामधली जागा अगदी कमी असू शकते, म्हणून विकत घेण्याआधी त्या फटीत जाड पुठ्ठ्याची घडी सरकवून बघा. जागा नसेल तर काही सेन्सर बुटाला लावता येतात. फार खराब रस्त्यावर माझा कॅडेन्स कधीतरी उगाच उडी मारतो. कारच्या मागच्या कॅरियरवर बाइक असेल तर वाऱ्याने चाक फिरतं, सेन्सर जागा होतो आणि बॅटरी खातो. सीआर २०३२ ची बॅटरी पुण्याच्या तपकीर गल्लीत कुठेही मिळते, एक जास्तीची जवळ ठेवली की झालं. क्रँकमध्ये पॉवर मीटर (पायांची ताकद मोजणारं यंत्र) असेल तर कॅडेन्सचा सेन्सर घेऊच नका, तो आकडा तिथूनच येतो.

कॅलिब्रेशन, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये चाकाचा नेमका परीघ भरणं, मात्र दोन्हींना सारखंच लागतं, आणि बहुतेक जण ते टाळतात. तक्त्यात २५ च्या (२५ मिलिमीटर रुंदीच्या) टायरचा परीघ २१०५ मिलिमीटर आणि २८ च्या टायरचा २१३६ दिलेला असतो. फरक ३१ मिलिमीटरचा, पण चुकीचा आकडा भरला तर ९० किलोमीटरमध्ये सव्वा किलोमीटरहून जास्त गोंधळ होतो. तक्त्यावर न थांबता मोजून घ्या: टायरमध्ये नेहमीची हवा भरा, व्हॉल्व्ह अगदी खाली आणा, फरशीवर खडूने खूण करा, बाइकवर बसूनच सरळ रेषेत चाकाच्या तीन फेऱ्या पुढे जा, परत खूण, टेपने मोजा आणि तीनने भागा. बसूनच, कारण वजनाने टायर दबतो.

काही कॉम्प्युटर परीघ जीपीएसवरून आपोआप ठरवतात. ते करायचंच तर वळणांच्या रस्त्यावर नको. पानशेतच्या वाटेवर जीपीएस वळणं कापतो आणि परीघ कमी निघतो. रविवारी पहाटे सोलापूर रस्त्यावर हडपसर ओलांडल्यावर करा. आणि सेन्सरची कॉम्प्युटरशी वायरलेस जोडणी घरीच उरकून घ्या. रेसच्या ट्रान्झिशनमध्ये (सगळ्यांच्या सायकली ठेवलेल्या जागेत) आजूबाजूला शंभर सेन्सर बोलत असतात, तिथे भलत्याचाच आकडा घ्याल.

मागे डिस्क चाक (स्पोकऐवजी सलग तबकडीचं) असेल तर हबला पट्टा बसत नाही आणि चुंबकाला स्पोक नाही. मग सेन्सर पुढच्या हबवर न्यायचा. पुढचं चाक ट्रेनरवर फिरत नाही, त्यामुळे तिथे स्पीड शून्य दिसेल. ट्रेनर स्वतः वेग पाठवत असेल तर त्याचाच घ्या. तसा नसेल, आणि पावसाळाभर घरातच सराव असेल, तर सरावाच्या मागच्या चाकावर चुंबकवाला जोडसेन्सर ठेवायला माझी हरकत नाही. ते चाक मग हलवू मात्र नका.