जयसिंगपूरजवळचा वजनकाटा: 4 स्टार, पाचवा का कापला ते वाचा

ऊसवाल्यांनो, कारखान्याला जाण्याआधी ट्रॉली एकदा इथं चढवा. भरलेली आणि रिकामी, दोन्ही वजनं धरून शंभर रुपये. पावतीवर गाडी नंबर, तारीख, वेळ सगळं येतं.

मागच्या हंगामात इथं नक्त 18.640 टन भरलं आणि एका कारखान्यात (नाव नको) 18.210. म्हणजे 430 किलो गायब. टनाला तीन हजार धरले तरी जवळपास तेराशे रुपये. मी पावती पुढं केली. क्लार्कनं आधी पावतीकडं, मग माझ्याकडं बघितलं आणि गाडी पुन्हा काट्यावर घ्यायला लावली. 390 किलो परत आले! उरलेले 40 वाटेत पडलेल्या वाढ्याचे (उसाच्या शेंड्यांचे) असतील म्हणून मी गप्प बसलो.

ही अक्कल मला ऊस परिषदेत आली. काटामारीवर, म्हणजे वजनात शेतकऱ्याला फसवण्यावर, स्वाभिमानी शेतकरी संघटनेच्या राजू शेट्टींचं भाषण ऐकायला जयसिंगपूरच्या मैदानात कैक वर्षं खाली बसलोय. काट्याच्या केबिनमध्ये संगणकावर अजून संघटनेचा तोच लाल बिल्ला लटकतोय. मालक मामा संघटनेचे जुने. गाड्यांची रांग असली की विषय तिकडंच जातो.

"मामा, बिल्ला अजून काढला नाही?"

"काढू कशाला? दर त्यानंच मागितला की."

शेट्टी म्हणजे शिरोळचा शेतकरी, 2002 ला जिल्हा परिषदेत, 2004 ला अपक्ष आमदार, 2009 ला हातकणंगलेतून थेट लोकसभेत गेला. 'एक नोट, एक व्होट' म्हणत लोकांनी मतासोबत पैसेही दिले. माझ्या वडिलांनी पन्नास दिले होते, बैलाच्या पेंडीतनं काढून. 2014 ला तर पावणेदोन लाखांहून जास्त मतांनी निवडून आले. 2017 ला भाजपची साथ सोडली, 2018 ला कर्जमुक्ती आणि हमीभावाची दोन खासगी विधेयकं लोकसभेत मांडली. खासगी विधेयकं सहसा मंजूर होत नाहीत, ते सांगायला नको.

मग 2019. ज्या साखर सम्राटांच्या विरोधात रस्ते अडवले त्यांच्याच काँग्रेस-राष्ट्रवादीच्या आघाडीत उभे राहिले आणि शहाण्णव हजारांच्या आसपास मतांनी पडले. मामांचं म्हणणं, जातीचं गणित. माझं म्हणणं, आघाडीच नडली. यावर आमचं दरवर्षी भांडण, आणि मागची ट्रॉली हॉर्न वाजवते. 2024 ला एकटे लढून तिसरे आले, त्यावर मात्र दोघंही बोलत नाही.

पण 2025 च्या मार्चमध्ये एफआरपीचे (कारखान्यानं द्यायच्या उसाच्या किमान दराचे) तुकडे पाडून हप्त्यांत द्यायचा सरकारी निर्णय उच्च न्यायालयानं रद्द केला, ती याचिका त्यांचीच. तेव्हा ना आमदार, ना खासदार. त्या दिवशी मामांनी काट्यावर सगळ्यांना चहा पाजला, शंभर मात्र घेतलेच.

आता कापलेला स्टार. प्रिंटरची शाई इतकी फिकी की पावती महिनाभरात कोरी होते. लगेच मोबाईलवर फोटो काढा. सावलीला झाड नाही. वळण अरुंद आहे, डबल ट्रॉली असेल तर मागं माणूस उभा करा, माझं मडगार्ड गेलंय. रात्री नऊनंतर जाऊ नका, मामा झोपलेले असतात आणि उठवलं की वजन बरोबर, पण बोलणं जड.